दगडावरचे नाव कोणाचे? लंडनची संग्रहालये पाहताना

तुर्भे, घणसोली, ऐरोली, नेरूळ, कळंबोली या भागांतील आपल्या वस्त्यांमधून शिकून बाहेर पडलेली मुले-मुली आज दूरदूरच्या देशांत पोहोचली आहेत. कोणाची लेक लंडनला एम.एस्सी. करते, कोणाचा मुलगा कंपनीच्या कामासाठी तिथे राहतो, कोणाची सून तिथल्या इस्पितळात परिचारिका आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील ७५ विद्यार्थी दरवर्षी निवडले जातात. मग केव्हातरी पदवीदान समारंभाच्या निमित्ताने आई-वडीलही विमानात बसतात. आयुष्यभर एमआयडीसीत पाळ्या केलेला बाप आणि चार घरची धुणीभांडी करून पोरांना शिकवलेली आई लंडनच्या रस्त्यावर उभी राहते, याचा अभिमान कोणाला वाटणार नाही?

पण तिथे पाहून काय येतात? पूल, राजवाडा, नदीकाठचा मोठा पाळणा. फोटो निघतात, गावाकडे पाठवले जातात. म्युझियमचे नाव निघाले की आई-वडील मागे सरतात. "तिकीट महाग असेल. इंग्रजीत लिहिलेले आपल्याला काय कळणार? ती मोठ्या लोकांची जागा." पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभे राहावे लागलेल्या समाजाच्या मनात ही भीती असणे नवलाचे नाही. मात्र लंडनच्या बाबतीत ती अगदी निराधार आहे, आणि तिच्यामुळे जे पाहायचे राहून जाते ते आपल्याच घरचे आहे.

दार उघडे आहे

लंडनमधील ब्रिटिश म्युझियमला प्रवेश फी नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला नाही. त्याच्या शेजारच्या सायन्स म्युझियमला आणि नॅचरल हिस्ट्री म्युझियमलाही नाही. काही खास प्रदर्शनांना तेवढे तिकीट असते. कायमची दालने कोणीही, कितीही वेळा पाहू शकतो. दाराशी पिशवी तपासतात, ती सर्वांचीच तपासतात. वेळेचे मोफत तिकीट आधी काढून ठेवले तर रांग कमी लागते. नकाशा घ्यावा, पायात साधी चप्पल-बूट घालावेत, आणि एका दिवसात सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात सुमारे ८० लाख वस्तू आहेत आणि त्यातल्या जेमतेम एक टक्का मांडलेल्या असतात. ते सारे पाहायला आयुष्य पुरणार नाही. आपण आपल्यापुरती चार दालने निवडावीत.

हे म्युझियम १७५३ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाले आणि १७५९ मध्ये लोकांसाठी उघडले. सर हान्स स्लोन या डॉक्टरच्या संग्रहापासून त्याची सुरुवात झाली. स्लोनच्या संपत्तीचा एक भाग जमैकातील उसाच्या मळ्यांतून येत असे, आणि त्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. २०२० साली म्युझियमने स्लोनचा अर्धपुतळा जुन्या जागेवरून काढून काचेच्या कपाटात ठेवला आणि शेजारी ही हकीकत लिहून लावली. ज्यांच्या घामावर संपत्ती उभी राहते त्यांचा उल्लेख पाटीवर यायला अडीचशेहून अधिक वर्षे लागली. म्हणून संग्रहालयात हिंडताना एक सवय लावून घ्यावी: वस्तू पाहावी, पाटी वाचावी, आणि पाटीवर कोणाचे नाव नाही हेही विचारावे.

अमरावतीचा स्तूप

या म्युझियमच्या ३३-अ क्रमांकाच्या दालनात आंध्र प्रदेशातील अमरावतीच्या महास्तूपाच्या शिळा आहेत. कृष्णेच्या काठचा हा स्तूप इसवी सनापूर्वीच्या काळात सुरू झाला आणि इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापर्यंत त्याची शोभा वाढत गेली. पुढे तो उजाड झाला, मातीखाली गेला. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थानिक जमीनदाराने बांधकामासाठी तिथले दगड काढायला सुरुवात केली. कित्येक कोरीव शिळा भट्टीत घालून त्यांचा चुना केला गेला. १७९७ मध्ये कॉलिन मॅकेन्झी हा इंग्रज अधिकारी तिथे पोहोचला आणि नंतर त्याने चित्रे व नकाशे करून घेतले. १८४५ मध्ये वॉल्टर इलियट या अधिकाऱ्याने तिथे खोदकाम केले. त्या शिळा आधी मद्रासला गेल्या आणि १८५९ मध्ये जहाजाने लंडनला.

तिथे तरी त्यांची नीट व्यवस्था झाली का? नाही. काही वर्षे त्या सरकारी इमारतीच्या आवारात पडून होत्या. १८६७ मध्ये जेम्स फर्ग्युसन या अभ्यासकाला त्या एका गाडीखान्यात सापडल्या, आणि मग त्यांची छायाचित्रे, वर्णने प्रसिद्ध झाली. १८८० साली त्या ब्रिटिश म्युझियमकडे आल्या. आज तिथे अशा १२० हून अधिक शिळा आहेत. इतर अनेक शिळा चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहेत.

या शिळांसमोर घाई करू नये. कुठे रिकामे आसन आहे आणि त्यावर बोधिवृक्ष. कुठे दोन पावले, तळव्यावर धम्मचक्र. तथागतांची मानवी मूर्ती घडवण्याची प्रथा रूढ होण्याआधी शिल्पकार अशा खुणांनी त्यांचे अस्तित्व दाखवत. पुढच्या काळातल्या शिळांवर बुद्ध मानवी रूपात दिसतात. एक शिळा तर दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे: एका बाजूला जुन्या काळातले रिकामे आसन व बोधिवृक्ष, आणि काही शतकांनी तोच दगड उलटवून दुसऱ्या बाजूला कोरलेला संपूर्ण स्तूप. लहान मुलांना सांगावे, "बुद्ध शोधा पाहू!" आसन, वृक्ष, चक्र, पाऊल ओळखता ओळखता पोरे तासभर रमतात.

या शिळांना इंग्रजांनी नाव दिले 'इलियट मार्बल्स'. मार्बल म्हणजे संगमरवर. खरे तर तो संगमरवर नाही, पालनाडचा चुनखडक आहे. आणि त्या इलियटच्याही नाहीत. मग कोणाच्या? हे दगडच सांगतात, कारण त्यांच्यावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत.

'दानं' या शब्दाची गोष्ट

ब्रिटिश म्युझियममध्ये सर्वांत जास्त गर्दी असते ती इजिप्तच्या रोझेटा शिळेभोवती. १७९९ मध्ये सापडलेल्या या शिळेवर एकच मजकूर तीन लिप्यांत आहे. तिच्या आधारे फ्रान्सच्या शाँपोलियाँने १८२२ मध्ये इजिप्तची चित्रलिपी उलगडली. तिथे किल्ली ठरली ती राजांची नावे. राजाचे नाव एका चौकटीत कोरण्याची पद्धत होती, तिच्यावरून अक्षरे लागली.

आपली ब्राह्मी लिपीही अशीच विसरली गेली होती. अशोकाचे स्तंभ उभे होते, पण त्यावर काय लिहिले आहे हे एकालाही वाचता येत नव्हते. कलकत्त्याच्या टांकसाळीत काम करणारा जेम्स प्रिन्सेप सांचीच्या स्तूपावरील लहान लहान लेखांचे ठसे पाहत होता. त्याच्या ध्यानात आले की यातले बहुतेक लेख एकाच शब्दाने संपतात. हे दानाचे लेख असतील, तर तो शेवटचा शब्द 'दानं' असला पाहिजे. तिथून अक्षरे सुटत गेली आणि १८३७ मध्ये अशोकाचे लेख जगाला वाचता आले. अशोकाच्या स्तंभलेखाचा एक तुकडा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच्यासमोर उभे राहाल तेव्हा हे आठवा. इजिप्तची लिपी राजांच्या नावांनी उघडली. ब्राह्मी उघडली ती साध्या उपासक-उपासिकांनी, भिक्खू-भिक्खुनींनी दिलेल्या दानाच्या शब्दाने.

हे दाते कोण होते? सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलेल्या कोरीव कामाची नोंद आहे. सांचीच्या लेखांत स्त्रियांची नावे कितीतरी आहेत. आणि अमरावतीच्या लेखांत विधिक नावाचा एक दाता येतो. त्याने आपली आई, पत्नी, भाऊ, मुलगा व मुली यांच्यासह पूर्णघट कोरलेली शिळा दान दिली. तो आपल्या बापाचे नाव सांगतो आणि बाप 'उपज्झाय', म्हणजे शिक्षक होता हे सांगतो. स्वतःचा धंदा सांगतो 'चम्मकार', म्हणजे चामड्याचे काम करणारा.

वाचकहो, हे वाक्य पुन्हा वाचा. बाप शिक्षक, मुलगा चामड्याचे काम करणारा, आणि त्याचे नाव, त्याच्या कुटुंबासह, महास्तूपाच्या दगडावर. त्याला धंदा लपवावासा वाटला नाही, आणि त्याचे दान कोणी नाकारले नाही. पुढच्या काळात याच धंद्याच्या माणसाला देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले गेले नाही. मध्ये काय घडले, हा प्रश्न आपल्या मुलांच्या मनात उभा राहिला, तर लंडनची फेरी सत्कारणी लागली म्हणावे.

जे परत आले, जे जळाले

साउथ केन्सिंग्टन भागातले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम १८५२ मध्ये सुरू झाले. ईस्ट इंडिया कंपनीने १८०१ मध्ये लंडनला आपले 'इंडिया म्युझियम' काढले होते. १८७९ मध्ये ते मोडून त्याचा बराच भाग इथे आणला गेला. सांचीहून आलेले बोधिसत्त्वाचे धड याच संग्रहात आहे.

या म्युझियमची एक हकीकत प्रत्येक बौद्ध घरात ठाऊक असायला हवी. तथागतांचे दोन प्रमुख शिष्य सारिपुत्त आणि मोग्गलान यांचे अस्थिधातू सांची परिसरातील स्तूपांत १८५१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम आणि मेझी यांना सापडले. त्यातले काही लंडनला नेले गेले आणि या म्युझियममध्ये ठेवले गेले. ज्या अस्थींसमोर माणसे हात जोडतात त्या काचेआड वस्तू म्हणून मांडल्या गेल्या. महाबोधी सोसायटी आणि इतर बौद्धांनी मागणी लावून धरली. मध्ये दुसरे महायुद्ध आले. अखेर १९४७ मध्ये धातू परत मिळाले, ते आधी श्रीलंकेत गेले, मग भारतात आले. नोव्हेंबर १९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या उपस्थितीत सांचीच्या नव्या विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली. मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि चिकाटीने मागितले तर संग्रहालयाचे कुलूपही उघडते, याचा हा दाखला.

दुसरी हकीकत अजिंठ्याची. मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून अनेक वर्षे लेण्यांतील चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्याही साउथ केन्सिंग्टनला गेल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या कित्येक नष्ट झाल्या. उरलेल्या या म्युझियमकडे आहेत. लेण्यांतली मूळ चित्रे गेल्या दीडशे वर्षांत आणखी झिजली. त्यामुळे मुंबईच्या त्या विद्यार्थ्यांच्या कुंचल्याने टिपलेला तपशील आज अभ्यासकांना मोलाचा वाटतो. "लंडनला होते म्हणून वाचले" असे सांगणाऱ्याला या दोन आगीही सांगाव्यात.

मग सगळेच परत मागावे का? ब्रिटिश म्युझियमवर १९६३ च्या कायद्याचे बंधन आहे. काही मोजके अपवाद सोडले तर संग्रहातली वस्तू देऊन टाकता येत नाही. पण वारे बदलते आहे. उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे १८९८ मध्ये विल्यम पेपे या जमीनदाराला स्तूपात बुद्धांच्या अस्थिधातूंसोबत रत्ने सापडली होती. त्यातला काही हिस्सा त्याच्या कुटुंबाकडे राहिला. मे २०२५ मध्ये हाँगकाँगला त्याचा लिलाव ठरला. भारत सरकारने कायदेशीर नोटीस दिली, जगभरच्या बौद्धांनी निषेध केला, लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्ने भारतात परतली. एका भारतीय उद्योगसमूहाने ती विकत घेतली, म्हणजे आपल्याच ठेव्यासाठी पैसे मोजावे लागले, हेही विसरू नये.

बाबासाहेबांचे लंडन

ब्रिटिश म्युझियमच्या मधोमध १८५७ मध्ये उघडलेले घुमटाचे गोल वाचनालय आहे. कार्ल मार्क्स इथे वाचत असे. १९१६ मध्ये लंडनला आलेल्या आणि शिष्यवृत्ती संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागलेल्या बाबासाहेबांनी १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. पगारातून साठवलेले पैसे आणि शाहू महाराजांची मदत यांचा आधार होता. म्युझियमच्या वाचनालयात ते दार उघडताना हजर असत आणि बंद होईपर्यंत बसत. रात्री पोटाला कधी पाव, कधी मुंबईहून आलेले पापड. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. ही त्या उपाशी वाचनाची फळे. पुस्तके आता सेंट पँक्रासच्या ब्रिटिश लायब्ररीत हलवली आहेत. घुमटाखालच्या त्या खोलीत केव्हा सोडतात हे चौकशीच्या खिडकीवर विचारावे.

प्रिमरोज हिल भागातील १०, किंग हेन्रीज रोड या घरात बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचे स्मारक म्हणून उद्‌घाटन झाले. पुढे शेजाऱ्यांनी तक्रार केली. निवासी घराचे संग्रहालय करण्यास कॅमडेन कौन्सिलने परवानगी नाकारली. अपील झाले, जाहीर चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी संग्रहालयाला मंजुरी दिली. ब्रिटनमधील आंबेडकरी आणि बौद्ध संघटनांनी हे घर मिळावे म्हणून आणि टिकावे म्हणून खटपट केली. घर लहान आहे, तीन मजल्यांचे. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येते.

लंडन दूर, टाउन हॉल जवळ

सगळ्यांनाच लंडनला जाणे जमणार नाही, आणि त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये. हार्बर लाइनने सीएसएमटीला उतरा. चालत दहा-पंधरा मिनिटांवर टाउन हॉल आहे, त्यात एशियाटिक सोसायटी. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याचा स्तूप खोदला. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक निघाले. सर्वांत आत मातीच्या भांड्याचे तुकडे होते. ते तथागतांच्या भिक्षापात्राचे मानले जातात. हा ठेवा एशियाटिक सोसायटीकडे आहे. दर्शन केव्हा मिळते हे तिथे आधी विचारावे. पुढे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याला सापडलेला अशोकाचा शिलालेख आणि सिंधमधील मीरपूरखासच्या स्तूपातल्या भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत.

आणि कान्हेरी तर बोरिवलीच्या जंगलात उभीच आहे. तिथल्या एका लेखात कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट बांधून दिल्याचे लिहिले आहे. जुन्नरच्या लेण्यांत बुरूड आणि कासार यांच्या संघांची नावे येतात. ठाणे-कल्याणच्या कारखान्यांत लोखंड ठोकणाऱ्या, भट्टीजवळ उभे राहणाऱ्या आपल्या माणसांनी मुलाबाळांना घेऊन त्या लेखापुढे एकदा उभे राहावे.

एक काम तर घरातच करता येईल. ऐरोलीला सेक्टर १५ मध्ये बाबासाहेबांचे स्मारक उभे राहिले आहे, तिथे ग्रंथालय आहे, फोटो आहेत. पण तुर्भ्याच्या दगडखाणीत पाटी उचललेल्या आजीचा, १९५६ साली नागपूरला दीक्षेला गेलेल्या आजोबांचा, गावाहून आणलेल्या पत्र्याच्या पेटीतल्या शाळेच्या दाखल्याचा संग्रह कोण करणार? विधिकाचे नाव आपल्याला कळले, कारण त्याने ते कोरून ठेवले. येत्या रविवारी जुने फोटो काढा. आजी-आजोबांना विचारून प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहा: नाव, गाव, साल, आणि कोणते काम करीत होते ते.